निरपराध्याला क्षमा



दिवसभराच्या उकाड्यानंतर आता कुठे थोडा वारा सुटला आहे. अशा वेळी सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधील मारामाऱ्या, तुरुंग आणि फाशी यांची हकिकत ऐकायला आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. व्याख्यानमालेच्या पत्रिकेत विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल की, हा विषय वकिलांचा. आपल्याला त्यात काय कळणार? माझे म्हणणे उलट आहे. हा विषय वकिलांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, आपल्यासारख्या साध्या नागरिकांचा आहे. ज्याने काहीही वाईट केले नाही अशा माणसाला राज्यसंस्थेने काय द्यायचे, क्षमा की न्याय, असा साधा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

प्रश्न नीट ध्यानात यावा म्हणून आपण एक प्रसंग कल्पू. तेराव्या शतकाच्या अखेरीचे इंग्लंडमधले एक खेडे. संध्याकाळची वेळ आहे. दोन शेतकऱ्यांची बांधावरून बोलाचाली होते. एकाच्या डोक्यात राख जाते आणि तो सुरी उपसून दुसऱ्याच्या अंगावर धावतो. दुसरा पळत सुटतो. पळता पळता समोर दगडी भिंत येते. मागे वळावे तर सुरी, पुढे जावे तर भिंत. तेव्हा नाइलाजाने तो कमरेची सुरी काढून एकच वार करतो आणि अंगावर आलेला माणूस मरतो. हे सारे गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. पळणाऱ्याचा दोष नाही याबद्दल गावात दुमत नाही.

आज अशा माणसाला न्यायालय निर्दोष म्हणून सोडून देईल. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तसे होत नसे. बारा पंचांनी घडले ते शपथेवर सांगायचे, न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायचे, आणि त्या माणसाला पुन्हा तुरुंगात पाठवायचे. कशासाठी? तर राजाच्या क्षमेची वाट पाहण्यासाठी. क्षमापत्र आले की त्याचा जीव वाचे. परंतु त्याची गुरेढोरे, भांडीकुंडी, घरातले धान्य यांवर राजाचा हक्क लागे. ज्याने काही गुन्हा केला नाही असे सर्वांनी मान्य केले, त्यालाच क्षमा मागावी लागे आणि वर दंडही भरावा लागे! इंग्रजी कायद्याचे थोर इतिहासकार मेटलंड यांनी या विसंगतीकडे गेल्या शतकाच्याही आधी, १८९५ मध्ये, बोट दाखवले होते. हा माणूस क्षमेला पात्र आहे हे तर खरेच, पण त्याला क्षमेची गरज पडते हे त्याहून नवलाचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

असे का झाले असावे? एखाद्या दुष्ट राजाने हा कायदा केला, असे उत्तर देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यामागे कारणे आहेत आणि त्यातली काही चांगली आहेत.

नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडमध्ये आले, त्यापूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन समाजात माणूस मारला गेला तर ते मुख्यतः दोन कुळांमधले प्रकरण असे. मेलेल्याच्या नातलगांनी सूड घ्यायचा, किंवा त्याच्या जिवाची ठरलेली किंमत वसूल करायची. या किमतीला 'वेरगिल्ड' म्हणत. सरदाराची किंमत जास्त, साध्या शेतकऱ्याची कमी. मारणाऱ्याचा हेतू काय होता, हात चुकून लागला की मुद्दाम उगारला, याची त्या व्यवस्थेत आजच्यासारखी बारीक चिकित्सा नव्हती. नुकसान झाले आहे तर भरपाई द्या, एवढाच हिशेब. नुसती भरपाईच द्यायची असल्यामुळे हा हिशेब फारसा क्रूरही वाटत नसे. आपल्या हातून दुसऱ्याचे मडके फुटले तर आपण हेतूचा वाद घालत बसत नाही, किंमत देऊन टाकतो. तसलाच तो प्रकार.

पुढे राजसत्ता बलवान झाली. दुसऱ्या हेन्रीने ११६६ मध्ये क्लॅरेंडन येथे फर्मान काढले आणि प्रत्येक हंड्रेडमधल्या, म्हणजे परगण्याच्या पोटविभागातल्या, बारा जणांनी आपल्या भागातील गुन्हेगार शपथेवर राजाच्या न्यायाधीशांना सांगावेत असे ठरवले. माणूस मारणे हे आता दोन कुळांमधले प्रकरण राहिले नाही. राज्यात नांदणारी शांतता ही राजाची शांतता. माणूस मारणारा ती शांतता मोडतो, म्हणून तो राजाचा अपराधी. पैशाने तडजोड करणे बंद झाले आणि जिवाची किंमत जीव, म्हणजे फाशी, असा नियम आला. हे पाऊल पुढचेच होते. गरिबाचा जीव घेऊन थोडक्या पैशांत सुटण्याची श्रीमंताची सोय त्याने काढून घेतली. सूडाची पिढ्यान् पिढ्या चालणारी साखळी त्याने तोडली.

परंतु या पुढच्या पावलाखाली एक माणूस चिरडला गेला. जुन्या व्यवस्थेत हेतूचा विचार न करता भरपाई घेत. नव्या व्यवस्थेत भरपाईची जागा फाशीने घेतली, पण हेतूचा विचार मात्र मागेच राहिला. ज्याचा हात चुकून लागला तो आणि जो जीव वाचवण्यासाठी लढला तो, असे दोघेही खुन्याच्या रांगेत येऊन उभे राहिले. तेराव्या शतकाच्या मध्यावर चार वर्षांच्या एका मुलीला सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीच्या तुरुंगात टाकल्याची नोंद आहे. तिने दार उघडले, त्या धक्क्याने दाराआडचे तिच्याहून लहान मूल कढत पाण्याच्या भांड्यात पडले आणि मेले, एवढाच तिचा अपराध. तिच्यासाठीसुद्धा राजाची आज्ञा यावी लागली. ती आली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण कायद्याच्या यंत्रात या मुलीला वेगळे काढण्याची सोय नव्हती, म्हणून यंत्र चालवणाऱ्या राजाने हात घालून तिला बाहेर काढले, हे लक्षात घ्या.

त्यातच १२१५ हे वर्ष उजाडले. त्या वर्षी रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना दिव्यांत भाग घेण्याची मनाई केली. दिव्य म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडेही वतनाच्या तंट्यांत तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होत असे. इंग्लंडमध्ये तापलेले लोखंड हातात धरून चालावे लागे किंवा पाण्यात टाकले जाई. धर्मगुरूच आले नाहीत तर दिव्य कसे होणार? तेव्हा निवाड्याचे काम शेजारच्या बारा माणसांकडे आले. ज्याला आपण ज्यूरी म्हणतो ती हीच. पंचांच्या निर्णयाला इंग्रजीत 'व्हर्डिक्ट' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'सत्य सांगितलेले' असा आहे. हा अर्थ आपण मनात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

त्याच १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेत एक कलम असे आहे की, जिवाच्या किंवा अवयवाच्या शिक्षेच्या प्रकरणात चौकशीचा हुकूम फुकट द्यावा, तो नाकारू नये. आपल्यावरचा आरोप द्वेषातून आला आहे असे म्हणणाऱ्या कैद्याला तोवर असा हुकूम पैसे मोजून घ्यावा लागे. पुढे आत्मसंरक्षणासाठी मारणाऱ्यांनीही ही वाट धरली. ते राजाच्या चॅन्सरीकडून, म्हणजे दप्तरखान्याकडून, खास चौकशीचा हुकूम आणत आणि लवकर सुटत. मात्र या सोयीचा गैरफायदा घेणारेही निघाले. अखेर पहिल्या एडवर्डने १२७८ मध्ये ग्लॉस्टर येथे कायदा करून ही वाट बंद केली. त्या कायद्याचा आशय असा : हात चुकून किंवा स्वतःला वाचवताना ज्याच्या हातून माणूस मेला, त्याने न्यायाधीशांचा फेरा येईपर्यंत तुरुंगातच राहावे; मग पंचांपुढे उभे राहावे; पंचांनी खरोखरच तसे घडले असे सांगितले तर न्यायाधीशांनी राजाला कळवावे; आणि राजाने, त्याच्या मर्जीला आल्यास, त्याच्यावर कृपा करावी.

'मर्जीला आल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. निर्दोष माणसाचे जगणे कायद्याने राजाच्या मर्जीवर टांगून ठेवले.

आता आपल्या त्या भिंतीपाशी अडलेल्या शेतकऱ्याचा प्रवास पाहू. माणूस पडला की गावाने हाकाटी करायची. न केली तर गावाला दंड. मग कॉरोनर येई. मुंबईकरांना हा शब्द चांगला ठाऊक आहे, कारण ते पद मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होते. त्याचा उगम इंग्लंडमध्ये ११९४ सालचा. तो प्रेत पाही, जखमेची लांबी व खोली लिहून घेई, हत्याराची किंमत लिही आणि आसपासच्या गावांतल्या माणसांची शपथेवर चौकशी करी. आरोपीच्या चीजवस्तूंची यादी करून तो त्या गावाच्या स्वाधीन करी. घाबरून पळालेल्याला चर्चमध्ये आसरा मिळे, पण तो चाळीस दिवसच. नंतर शरण यायचे किंवा देश कायमचा सोडायचा. जो पकडला जाई तो तुरुंगात पडे. त्या काळच्या तुरुंगात कैद्याचे पोट त्याच्या घरच्यांवर आणि लोकांच्या दानधर्मावर चाले. निवाड्यापूर्वीच भुकेने आणि तापाने मेलेल्या कैद्यांच्या नोंदी त्या दप्तरांत जागोजाग सापडतात.

न्यायाधीश आले आणि पंचांनी आत्मसंरक्षणाची हकिकत सांगितली, तरी कैदी घरी जात नसे. निवाड्याचा कागद चॅन्सरीत जाई. तेथे शिक्क्याची फी भरून राजमुद्रेचे क्षमापत्र मिळवायचे, ते आणून पुन्हा न्यायाधीशांपुढे ठेवायचे. तेवढ्यानेही काम संपत नसे. राजाने क्षमा केली ती आपल्या बाजूपुरती. मेलेल्याच्या नातलगांना स्वतंत्र फिर्याद करण्याचा हक्क होता आणि क्षमापत्रात तो राखून ठेवलेला असे. म्हणून कोणाला फिर्याद करायची आहे काय, अशी जाहीर विचारणा होई. कोणी पुढे आले नाही म्हणजे मग हा माणूस राजाच्या शांततेत परत आला असे समजत. नातलगांचा हा हक्क कागदोपत्री थेट १८१९ पर्यंत टिकला.

इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्याच काळात कोणी चोराला मुद्देमालासह पकडताना, तो निसटू पाहत असता, ठार मारले तर त्याला क्षमेची गरज नसे; पंच त्याला सरळ निर्दोष ठरवत. रात्री घर फोडून शिरलेल्याला मारणाऱ्याचीही अशीच सुटका होई. म्हणजे दुसऱ्याने आपली मेंढी पळवली म्हणून त्याला मारले तर माणूस निर्दोष. आणि दुसरा आपला जीव घ्यायला आला म्हणून मारले तर तो राजाच्या दयेचा भिकारी! आपल्याला हे उलटे वाटते, पण त्या काळच्या दृष्टीने त्यात संगती आहे. चोराला मारणारा हा राजाचेच काम करतो, कारण चोराला तसाही फासच मिळायचा. भांडणात मारणारा मात्र स्वतःचे काम करतो. त्याचा जीव वाचला, पण त्यात राजाचा एक प्रजाजन गेला आणि तोही निवाडा न होता. राजाला त्याचा जाब हवा होता.

या जाब मागण्यात काही चांगले होते, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. 'मी स्वतःला वाचवण्यासाठी मारले' असे म्हणणे फार सोपे आहे आणि ज्याने खोडून काढायचे तो तर मेलेला असतो. प्रत्येक मृत्यूचा हिशेब राजापर्यंत गेला पाहिजे, या नियमामुळे गावातल्या बळजोराला मनमानी करणे अवघड झाले. नातलगांच्या मनातला सूड जाहीर विचारणेमुळे थंडावत असेल, हेही शक्य आहे. शिवाय राजाच्या तिजोरीत जप्तीचा माल येई, शिक्क्याची फी येई; राज्यकर्त्यांना अशा नियमाचा मोह सुटत नाही हे वेगळे सांगायला नको. पुढे पुढे हे क्षमापत्र इतके नेहमीचे झाले की राजाला विचारण्याचीही गरज उरली नाही. चॅन्सरीतले कारकून ते ठरावीक नमुन्यात लिहून देऊ लागले. राजाची कृपा हा कचेरीतला एक कागद झाला.

दुसऱ्या बाजूला राजे खऱ्या खुन्यांनाही क्षमापत्रे वाटू लागले. पहिल्या एडवर्डला १२९४ मध्ये फ्रान्समधील गॅस्कनीच्या युद्धासाठी माणसे हवी होती, तेव्हा लष्करात चाकरी करणाऱ्या गुन्हेगारांना त्याने क्षमा देऊ केली. पुढच्या राजांनी तोच कित्ता गिरवला. खुनी मोकळे फिरतात अशी पार्लमेंटमध्ये ओरड झाली. १३२८ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे कायदा झाला की, आत्मसंरक्षण किंवा अपघात यांसारख्या, राजाला आपल्या शपथेनुसार देता येतील अशाच प्रकरणांत क्षमापत्रे द्यावीत. हा निर्बंध पाळला गेला नाही. १३९० मध्ये आणखी एक कायदा झाला : दबा धरून किंवा पूर्ववैराने केलेल्या खुनाला क्षमा द्यायची तर क्षमापत्रात तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. म्हणजे ज्याला क्षमेची गरज नसावी तो आणि ज्याला क्षमा मिळू नये तो, असे दोघे एकाच दप्तरखान्याच्या दारात उभे होते.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो. क्षमा मिळण्यासाठी आत्मसंरक्षणाची अट फार कडक होती. पळण्याची एकही वाट उरलेली नसताना, मरण समोर दिसत असताना केलेला वार असेल तरच ती पुरी होई. म्हणून त्या काळच्या निवाड्यांची दप्तरे वाचताना वाचणारा चकित होतो. जो तो पळालेला आहे! जो तो भिंतीला, कुंपणाला नाहीतर खंदकाला अडलेला आहे! जो तो आधी मार खातो आणि मग अगदी नाइलाजाने एकच घाव घालतो. हकिकत तीच, भिंतही तीच; फक्त नावे बदलतात. इंग्लंडमध्ये एवढ्या भिंती होत्या तरी कुठे, असे विचारावेसे वाटते.

नेओमी हर्नार्ड या विदुषींनी १९६९ मध्ये या क्षमापत्रांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर टॉमस ग्रीन या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ पासून एक साधी पण कष्टाची युक्ती केली. कॉरोनरने घटना ताजी असताना लिहिलेली हकिकत आणि त्याच प्रकरणात पुढे पंचांनी न्यायाधीशांपुढे सांगितलेली हकिकत त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. अनेक प्रकरणांत त्या जुळेनात.

त्यातले एक प्रकरण १३४१ सालचे आहे. रॉबर्ट बाउसरमन नावाचा माणूस भर दुपारी घरी आला तो त्याला आपली बायको जॉन डाउटी नावाच्या परपुरुषाबरोबर दिसली. त्याने तेथल्या तेथे कुऱ्हाड घालून त्या माणसाला ठार केले. कॉरोनरच्या नोंदीत हे असे आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे याला क्षमा नव्हती. संताप हे कारण कायद्याला मान्य नव्हते; फास ठरलेला.

आता पंचांनी काय सांगितले ते ऐका. दुपारची रात्र झाली. रॉबर्ट आणि त्याची बायको राजाच्या शांततेत झोपली होती. डाउटी चोरपावलांनी घरात आला आणि बायको नवऱ्याजवळून हळूच उठून त्याच्याकडे गेली. आवाजाने रॉबर्टला जाग आली आणि तो बायकोला शोधू लागला. त्याने दोघांना पाहिले मात्र, डाउटीच सुरी घेऊन त्याच्या अंगावर आला. त्याने रॉबर्टला जखमा केल्या आणि दार अडवून तो वार करीतच राहिला. आता पळायला वाट नाही, जीव जातो, असे पाहून रॉबर्टने कुऱ्हाड उचलली आणि डोक्यात एकच घाव घातला. पाहा, काहीही राहून गेलेले नाही. पळायला वाट नाही, जिवावर बेतले आहे आणि घावही एकच. भिंतीच्या जागी अडवलेले दार आले, एवढाच फरक!

या बारा माणसांना काय म्हणावे? त्यांनी देवाची शपथ घेतली होती. ज्याला 'सत्य सांगितलेले' म्हणतात तो निर्णय त्यांनी दिला आणि तो, कॉरोनरची नोंद खरी मानली तर, असत्य होता. म्हणून त्यांना खोटारडे म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुढे उभा असलेला माणूस दबा धरून बसणारा दरोडेखोर नव्हे, हे ते जाणत होते. त्याला फाशी देणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. कायद्याने त्यांच्यापुढे दोनच दारे ठेवली होती : एक फासाकडे जाणारे आणि दुसरे, अगदी अरुंद, भिंतीपाशी अडलेल्यांसाठी. त्या अरुंद दारातून जाईल अशी त्यांनी आरोपीची हकिकत तासून घेतली. पूर्ववैराने मारणारा आणि रागाच्या भरात मारणारा यांच्यात फरक आहे, ही गोष्ट गावातल्या माणसांना कायदेपंडितांच्या फार आधी समजली होती. पण ती उघडपणे बोलण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी ती खोट्या भिंतीच्या भाषेत सांगितली. व्यभिचार डोळ्यांनी पाहून संतापलेल्या नवऱ्याचा अपराध खुनाहून कमी दर्जाचा, असे इंग्रज न्यायाधीशांनी उघड म्हटले ते १६७१ मध्ये, म्हणजे रॉबर्ट बाउसरमनच्या निवाड्यानंतर ३३० वर्षांनी. त्या आरोपीच्या हातावर डाग द्यावा, पण तो हलका द्यावा, असे त्यांनी सांगितले.

परंतु पंचांची बाजू घेताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांच्या कनवाळूपणाची किंमत कोणी तरी दिली. जॉन डाउटी मेला होता. त्याच्या हातात नसलेली सुरी पंचांनी त्याच्या हातात दिली. मेलेला माणूस उठून सांगणार नव्हता की, मी अंगावर धावून गेलो नाही. शिवाय पंचांची दया त्यांच्या ओळखीच्या, पत असलेल्या माणसाला मिळण्याचा संभव अधिक. परगावच्या अनोळखी माणसासाठी अशा भिंती कोण उभ्या करणार? कायदा जेव्हा न्याय देत नाही तेव्हा लोक दया शोधतात हे खरे. पण दया तोंड पाहून दिली जाते, हेही तितकेच खरे. खऱ्या आत्मसंरक्षणाचे यात मोठे नुकसान झाले ते वेगळेच. सर्वच जण भिंतीला अडले होते म्हटल्यावर, जो खरोखर अडला होता त्याच्या सत्याला किंमत काय राहिली?

ही व्यवस्था मोडायला फार वेळ लागला. १५३२ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळी कायदा झाला की, वाटमारी करणाऱ्याला किंवा घरात शिरलेल्या खुनी-दरोडेखोराला मारणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ नये, तो पूर्ण निर्दोष समजावा. भांडणात जीव वाचवणाऱ्याला मात्र तो लाभ मिळाला नाही. ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये आपल्या भाष्याचा चौथा खंड प्रसिद्ध केला, तोवर क्षमापत्र आणि जप्त माल परत मिळणे हा केवळ खर्च भरण्याचा प्रश्न उरला होता, आणि तोही टाळण्यासाठी न्यायाधीश पंचांना सरळ 'निर्दोष' म्हणू देत. अखेर १८२८ च्या कायद्याने ठरवले की, आत्मसंरक्षणात किंवा अपघाताने माणूस मेला तर शिक्षा नाही आणि जप्तीही नाही. ग्लॉस्टरच्या कायद्यापासून मोजले तर बरोबर ५५० वर्षे झाली. 'मर्जीला आल्यास' हे शब्द पुसायला ५५० वर्षे!

या गोष्टीचा आपल्याशी संबंध येतो तो इथे. इंग्लंडने ही जप्ती रद्द केल्यावर अवघ्या नऊ वर्षांनी, १८३७ मध्ये, मेकॉलेच्या आयोगाने हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. त्यात आत्मसंरक्षण हा उघड शब्दांत हक्क म्हणून मांडला गेला. येथील लोक दरोडेखोरांचा जुलूम मुकाट्याने सोसतात, तेव्हा त्यांच्या हक्काला बंधने घालण्यापेक्षा त्यांच्यातले धैर्य जागे करावे, असे आयोगाने म्हटले होते. परक्या राज्यकर्त्याच्या तोंडी हे वाक्य खोचक वाटते. पण त्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ९६ ने स्पष्ट सांगितले की, आत्मसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली गोष्ट अपराध नाही. क्षम्य अपराध नव्हे, अपराधच नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम ३४ मध्ये आहे, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करू नये ही मर्यादाही पुढे दिलेली आहे.

मग आपल्याकडे भिंती उभ्या राहिल्या नाहीत काय? १९५९ सालचा मुंबईतला नानावटी खटला आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, इतरांनी ऐकला असेल. नौदलातल्या एका अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. झटापटीत पिस्तूल उडाले, असा त्याचा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. उच्च न्यायालयाने त्याला खुनाबद्दल जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी क्षमा दिली. नवरा, परपुरुष, झटापटीची हकिकत, कनवाळू पंच आणि शेवटी क्षमापत्र. १३४१ सालची सारी पात्रे पुन्हा रंगमंचावर आली होती. फरक एवढाच की, या वेळी पंचांची हकिकत वरच्या न्यायालयांनी तपासून नाकारली, आणि ज्याला क्षमा मिळाली तो दोषी ठरल्यानंतर मिळाली. क्षमेचे योग्य स्थान तेच आहे. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही.

मी क्षमेच्या विरुद्ध नाही. आपल्या संविधानात अनुच्छेद ७२ आणि १६१ यांनी राष्ट्रपतींना व राज्यपालांना क्षमेचा अधिकार दिला आहे आणि तो असावा. कायदा कितीही शहाणा केला तरी त्याला न दिसलेले एखादे दुःख राहतेच. पण क्षमा अपराध्यासाठी असते. निरपराध्याला क्षमा देणे म्हणजे त्याच्या कपाळावर आधी अपराधाचा टिळा लावणे होय. आपल्या कचेऱ्यांत, संस्थांत, घरातसुद्धा पाहा : एखाद्याचा हक्क आपण त्याला मेहेरबानी म्हणून देतो, आणि घेणाराही हात जोडून घेतो. तेव्हा कोठे तरी ग्लॉस्टरचा तो जुना कायदा अजून जिवंत आहे असे समजावे.

त्या शेतकऱ्याने भिंतीला पाठ लावून एक वार केला, तो जगण्यासाठी. त्याला तेव्हा राजाची दया नको होती. 'तुझे काही चुकले नाही, घरी जा,' एवढेच शब्द त्याला हवे होते. ते उच्चारायला एका शहाण्या राष्ट्राला साडेपाच शतके लागली. आपण ते उच्चारायला उशीर करू नये, एवढीच माझी विनंती आहे.